हमिंगबर्डसाठी साखरपाणी आणि फुलझाडे : अनुभव, प्रश्न आणि उत्तरे

निशिगंध (न्यू जर्सी)

आमच्या परसात गेली नऊ वर्षे हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतील मकरंद पिणारे इवलेसे पक्षी, येत आहेत. यंदा आमच्या परिसरात तीन मराठी कुटुंबांनी नवी घरे घेतली आणि तिन्ही घरांतून मला एकच प्रश्न आला, की फीडर, म्हणजे त्यांच्यासाठी साखरपाणी भरून टांगायचे भांडे, कोणता घ्यावा. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. टांगलेला फीडर दर दोन-तीन दिवसांनी उतरवून घासणे आपल्याला जमणार आहे का, हा पहिला. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी फीडर न लावता चार योग्य फुलझाडे लावावीत. पक्षी तरीही येतील.

इतके स्पष्ट लिहिण्यास कारण आहे. दुसऱ्या वर्षीच्या जुलै महिन्यात मी फीडर भरला आणि आठवडाभर त्याच्याकडे पाहिलेच नाही. एका सकाळी मादी आली, तिने एकदा चोच आत घातली आणि लगेच निघून गेली. दिवसभरात असे तीन-चार वेळा घडल्यावर मी फीडर उतरवला, तेव्हा पाणी गढूळ झालेले होते आणि आतल्या खाचांमध्ये काळी बुरशी धरलेली होती. जो पक्षी माझ्या भरवशावर आला होता त्याच्यापुढे मी नासलेले अन्न ठेवले होते, ही गोष्ट मला अजून बोचते. त्या दिवसापासून बाहेर कडक ऊन असेल तेव्हा दर दोन दिवसांनी आणि एप्रिल-मेच्या गारव्यात चार दिवसांनी, पाणी उरलेले असले तरी ते ओतून देऊन नवे भरायचे, असा नियम मी पाळते. धुण्यासाठी गरम पाणी आणि बाटली घासण्याचा बारीक ब्रश पुरतो. डाग दिसला तर पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून फीडर त्यात तासभर बुडवून ठेवावा आणि मग भरपूर पाण्याने खळबळून घ्यावा. ज्या फीडरचे सर्व भाग सुटे होतात आणि ज्याच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत ब्रश पोहोचतो तो चांगला. नक्षीदार काचेचा, अरुंद गळ्याचा फीडर दिसायला सुरेख असला तरी टाळावा.

आता साखरपाणी. एक वाटी साधी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी, हे प्रमाण या पक्ष्यांच्या आवडीच्या फुलांमधील मकरंदाच्या गोडीच्या जवळ जाणारे आहे. पाणी गरम करून साखर पूर्ण विरघळू द्यावी, पूर्ण गार झाल्यावरच भरावे आणि उरलेले पाणी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावे. आपल्या घरांमध्ये साखरेपेक्षा गूळ आणि मध पौष्टिक मानले जातात, त्यामुळे तेच घालावेत असे अनेकांना प्रेमापोटी वाटते. कृपया तसे करू नये. गुळात आणि तपकिरी साखरेत असलेले लोह या पक्ष्यांना अपायकारक ठरू शकते, आणि मध पाण्यात मिसळला की त्यात बुरशी व जंतू फार लवकर वाढतात. कृत्रिम गोडीची पूड तर मुळीच चालणार नाही, कारण तिच्यात त्यांना लागणारी ऊर्जाच नसते.

दुकानात लाल रंगाचे तयार पाणी मिळते, त्याचीही गरज नाही. पक्ष्यांचे लक्ष वेधण्यासाठी फीडरचा लाल तळ पुरेसा असतो.

न्यू जर्सीत, किंबहुना मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील सर्व राज्यांत, घरटे करणारी हमिंगबर्डची एकच जात आहे, ती म्हणजे रुबी-थ्रोटेड. वजन सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे अमेरिकी पेनीच्या नाण्यापेक्षा थोडे जास्त. आमच्याकडे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नर आधी येतात, मागून माद्या येतात. नराचा गळा माणकासारखा लाल असतो. पण तो रंग पिसांच्या रचनेवर पडणाऱ्या प्रकाशामुळे दिसतो, त्यामुळे सावलीत तोच गळा काळा भासतो. मादीचा गळा पांढरट असतो, म्हणून अनेकांना ती वेगळीच जात वाटते. फीडर एप्रिलच्या मध्यापर्यंत टांगावा, कारण दक्षिणेकडून दमून आलेल्या पहिल्या पाहुण्यांच्या वेळी फुले फारशी उमललेली नसतात.

परसदार (ऑस्टिन, टेक्सास)

निशिगंधाताई, धागा सुरू केल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे रुबी-थ्रोटेड आणि ब्लॅक-चिन्ड अशा दोन्ही जाती दिसतात. माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. पहिली मुंग्यांची : फीडर टांगल्यानंतर दोन तासांत तारेवरून मुंग्यांची रांग लागते आणि पाण्यात मेलेल्या मुंग्या तरंगू लागतात. कोणी तारेला व्हॅसलीन लावण्यास सुचवले आहे, ते योग्य आहे का? दुसरी अडचण अशी, की एक नर जवळच्या फांदीवर दिवसभर ठाण मांडून बसतो आणि दुसऱ्या कोणालाही फीडरजवळ फिरकू देत नाही. त्याला कसे आवरावे?

निशिगंध (न्यू जर्सी)

परसदार, मुंग्यांवरील उपाय आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातलाच आहे. दुधाचे पातेले पाणी भरलेल्या परातीत ठेवले की मुंगीला ते ओलांडता येत नसे. फीडरच्या वर, आकडा आणि फीडर यांच्यामध्ये अडकवायची पाण्याची छोटी वाटी बाजारात मिळते, तिचे काम हेच. तिच्यात साधे पाणी भरून ठेवावे आणि ते आटू देऊ नये, टेक्साससारख्या ठिकाणी तर रोज पाहावे. व्हॅसलीन किंवा तेल मात्र लावू नका. ते पिसांना लागले तर पक्ष्याला साफ करता येत नाही, आणि ज्याचे सारे जगणे पंखांवर आहे त्याच्यासाठी हे फार मोठे संकट असते.

मधमाश्या आणि गांधीलमाश्या येत असतील तर बाटलीऐवजी पसरट बशीसारखा फीडर घ्यावा. त्यात पाण्याची पातळी भोकापासून खाली असते. हमिंगबर्डची लांब जीभ तेथपर्यंत पोहोचते, माशीची पोहोचत नाही. पिवळ्या प्लास्टिकच्या फुलांनी सजवलेले फीडर टाळावेत, कारण पिवळा रंग माश्यांना खेचतो.

तुमच्या दांडगट नराला आवरता येणार नाही. अन्नाची जागा राखणे हा त्याचा स्वभावच आहे. एका मोठ्या फीडरऐवजी दोन-तीन लहान फीडर, एकावरून दुसरा दिसणार नाही अशा रीतीने, घराच्या वेगवेगळ्या बाजूंना टांगून पाहा. एकाच वेळी सर्व बाजूंना पहारा देणे त्याला शक्य होत नाही.

दगडफूल (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

आमच्या किनाऱ्यावरची परिस्थिती वेगळी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. येथे ॲनाज हमिंगबर्ड वर्षभर राहतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोचा बाहा कॅलिफोर्निया एवढ्याच भागात घरटी करीत असे. माणसांनी बागांमध्ये बाहेरदेशांतील फुलझाडे लावली, निलगिरीसारखी हिवाळ्यात फुलणारी झाडे आणली, घरोघर फीडर टांगले, आणि ती उत्तरेकडे पसरत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत गेली. आपल्या परसातील लहानशा कृतीचा परिणाम एका जातीच्या नकाशावर उमटू शकतो, हे मला फार विलक्षण वाटते, आणि म्हणूनच आपण काय लावतो याचा विचार करायला हवा असेही वाटते.

माझा अनुभव फीडरपेक्षा झाडांचा अधिक आहे. येथील मूळची झाडे पाण्यावाचून तग धरतात आणि त्यांच्या फुलण्याच्या वेळा या पक्ष्यांच्या वेळापत्रकाशी जुळलेल्या आहेत. मँझनिटाची झुडपे ऐन हिवाळ्यात घंटेसारख्या लहान फुलांनी भरतात, वसंतात हमिंगबर्ड सेज फुलते, आणि ऑगस्टनंतर सारी बाग सुकलेली असताना कॅलिफोर्निया फ्यूशिया शेंदरी फुलांनी पेटून उठते. ही तीन झाडे लावली तर वर्षातील बराचसा काळ भरून निघतो.

एक कळकळीची विनंती आहे. ॲनाज हमिंगबर्डची मादी डिसेंबर-जानेवारीतच घरटे करू शकते, आणि हीच आपल्याकडे झाडे छाटण्याची वेळ असते. घरटे अक्रोडाच्या अर्ध्या टरफलाएवढे असते. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी विणलेले असल्यामुळे पिल्ले वाढतील तसे ते ताणले जाते, आणि बाहेरून त्यावर दगडफुलाचे तुकडे चिकटवलेले असतात. गोडा मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो त्याच्याच जातकुळीतले. त्यामुळे फांदीवर ते एखाद्या गाठीसारखे दिसते आणि कात्री चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आत पावट्याच्या दाण्याएवढी दोन अंडी असतात. घरटे बांधण्यापासून पिल्ले उडेपर्यंत सर्व काम मादी एकटी करते. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या संघीय कायद्यानुसार अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे नष्ट करणे हा गुन्हा आहे, हे माळीकाम करणाऱ्या कंत्राटदारालाही आधी सांगून ठेवावे.

नराची झेप पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नका. तो उंच आकाशात चढतो, दगडासारखा खाली सुटतो आणि तळाशी वळताना एक तीक्ष्ण आवाज होतो. हा आवाज गळ्यातून निघत नसून शेपटीच्या पिसांमधून वेगाने वाहणाऱ्या हवेमुळे होतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले.

मृगजळ (सिएटल)

दगडफूल यांनी लिहिलेल्या उत्तरेकडील विस्ताराचे आम्ही साक्षीदार आहोत. आमच्याकडे ॲनाज हमिंगबर्ड बर्फातही असतो, आणि कडाक्याच्या थंडीत फीडर लावणाऱ्यांची जबाबदारी अनेक पटींनी वाढते. गोठणबिंदूच्या थोडे खाली तापमान गेले की साखरपाणी हळूहळू गोठू लागते. हा पक्षी रात्री टॉर्पर नावाच्या अवस्थेत जातो; शरीराचे तापमान आणि हृदयाचे ठोके खूप उतरवून तो ऊर्जा वाचवतो. पहाटे जाग आल्यावर त्याला तातडीने अन्न लागते. नेमका त्याच वेळी फीडर गोठलेला असेल तर त्याचा भरवसा मोडतो.

मी दोन फीडर ठेवते. रात्री दोन्ही आत आणते, उजाडण्यापूर्वी एक बाहेर टांगते आणि तो गोठू लागला की दुसऱ्याशी बदलते. सुटीच्या दिवशी हे सोपे आहे, कामाच्या दिवशी नाही. म्हणून फीडरच्या खाली उष्णता देणारा छोटा दिवा बसवून घेतला आहे. साखरेचे प्रमाण वाढवले तर पाणी थोडे उशिरा गोठते हे खरे, तरी मी एकास चार हेच प्रमाण ठेवते.

टॉर्परमधील पक्षी कधी कधी फीडरला उलटा लटकलेला दिसतो आणि मेल्यासारखा वाटतो. त्याला हात लावू नये, घरात आणू नये. ऊन वाढले की तो बहुधा स्वतःच सावध होऊन उडून जातो.

वेधशाळा (नॉर्थ कॅरोलिना)

सर्वांचे अनुभव वाचले आणि आवडले. तरी एक शंका मांडतो. आपण फीडर लावून या पक्ष्यांना परावलंबी करीत नाही का? आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे आहे, की सप्टेंबरनंतर फीडर ठेवला तर पक्षी दक्षिणेकडे जाण्याचे विसरतात आणि थंडीने मरतात. ते म्हणूनच अमेरिकी कामगार दिनाच्या सुटीला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, फीडर उतरवतात.

निशिगंध (न्यू जर्सी)

ही समजूत आमच्याकडेही पसरलेली आहे आणि तिच्यामागे पक्ष्यांविषयीची कळकळच आहे, परंतु ती बरोबर नाही. स्थलांतराची प्रेरणा दिवसाची लांबी कमी होण्यातून येते. रुबी-थ्रोटेड निघण्यापूर्वी भरपूर खाऊन आपले वजन जवळजवळ दुप्पट करतो, कारण त्यांच्यापैकी अनेक पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे ८०० किलोमीटर न थांबता उडत जातात. त्या काळात अन्न काढून घेणे हे उलट त्यांच्या तयारीत विघ्न आणणे होय. शेवटचा पक्षी दिसल्यानंतर दोन आठवडे फीडर ठेवावा, असे मी सुचवीन. उशिरा निघालेली पिल्ले त्यावर येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कधी कधी पश्चिमेकडची रूफस जात वाट बदलून पूर्वेकडे आलेली दिसते.

परावलंबनाविषयी मात्र वेधशाळा यांचा प्रश्न गंभीरपणे घेण्यासारखा आहे. केवळ साखरपाण्यावर हा पक्षी जगूच शकत नाही. चिलटे, मावा, लहान कोळी हे त्याचे खरे बळ देणारे अन्न आहे, आणि पिल्लांची वाढ तर किड्यांच्याच आधाराने होते. म्हणजे फीडर लावायचा आणि त्याच परसात डासांसाठी फवारणी करून घ्यायची, ही मोठीच विसंगती ठरते. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात फवारणीच्या गाड्या घरोघर येतात. मी माझ्या परसात कधी फवारणी करून घेतली नाही. साचलेले पाणी दर आठवड्याला ओतून टाकले, की डासांचा बराचसा प्रश्न मुळातच कमी होतो. शिवाय केळ्याच्या साली एका जाळीच्या पिशवीत घालून फीडरपासून थोड्या अंतरावर टांगते. त्यावर बारीक चिलटे जमतात आणि मादी हवेत तरंगत ती एकेक टिपते. साखरपाण्यापेक्षा हे दृश्य मला अधिक समाधान देते.

परसदार (ऑस्टिन, टेक्सास)

मुंग्यांचा प्रश्न पाण्याच्या वाटीने सुटला. फीडर तीन केले, आणि तिसऱ्यावर काल प्रथमच दोन माद्या शेजारी शेजारी बसून पीत होत्या. टेक्सासमधील वाचकांसाठी एक झाड सुचवतो : टर्क्स कॅप. आपल्याकडच्या मिरची जास्वंदीची ही जवळची नातलग आहे. फूल तसेच मिटलेले, लालभडक. ती ओकच्या सावलीतही वाढते, उन्हाळाभर फुलते आणि सप्टेंबरमध्ये पक्षी किनाऱ्याकडे निघालेले असताना ऐन बहरात असते. माझ्या आईने ते झाड पाहून ‘ही तर आपलीच’ असे म्हटले आणि आता तीच त्याला पाणी घालते.

सोनटक्का (पुणे)

मी आपला धागा पुण्याहून वाचत आहे. आमच्या गॅलरीतही हमिंगबर्ड येतो. अंगावर निळी-जांभळी झळाळी असते, चोच बाकदार असते आणि तो जास्वंदीच्या फुलांतील मध पितो. मीही एकास चार प्रमाणात साखरपाणी ठेवावे का?

दगडफूल (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

सोनटक्काताई, आपल्याकडे येणारा पक्षी शिंजीर आहे, बहुधा जांभळा शिंजीर. हमिंगबर्डचे कूळ आज केवळ अमेरिका खंडांमध्ये आढळते. गंमत अशी, की त्यांच्या पूर्वजांचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म जर्मनीत सापडले आणि २००४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणजे एके काळी ते जुन्या जगातही होते. शिंजीर आणि हमिंगबर्ड यांचे नाते दूरचे आहे. फुलातून मकरंद पिण्याचे एकच काम करता करता दोघांच्या चोची आणि रंग सारखे झाले. शिंजीर क्षणभर हवेत तरंगू शकतो, परंतु तो बहुतेक वेळा फांदीवर बसूनच पितो. हमिंगबर्ड मात्र एका जागी स्थिर तरंगतो आणि मागेही उडू शकतो.

साखरपाणी ठेवू नये, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात वर्षभर काही ना काही फुलत असते. जास्वंद आपल्याकडे आहेच. सोसायटीच्या आवारात जागा असेल तर पांगारा, पळस किंवा काटेसावर लावता येईल का ते पाहावे. टेकडीवर फिरायला जात असाल तर मुरुडशेंगेच्या झुडपांपाशी पावसाळ्यात थोडा वेळ थांबा, तिची लाल फुले शिंजिरांना फार प्रिय आहेत. आणि गॅलरीतील वेलीला किंवा तारेला कचऱ्याच्या लोंबत्या पुंजक्यासारखे काही दिसले तर ते झाडून टाकू नका. शिंजिराचे घरटे तसेच दिसते, आणि तेही कोळिष्टकांनीच बांधलेले असते.

सोनटक्का (पुणे)

आपण सांगितले ते बरे झाले. असा एक पुंजका आमच्या मधुमालतीला लोंबत आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत मी तो काढणार होते. आता त्या कोपऱ्याकडे कोणी जाणार नाही.

मृगजळ (सिएटल)

एक मुद्दा राहिला आहे. फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत असावा किंवा खूप दूर असावा. मधल्या अंतरावर असेल तर पक्षी पूर्ण वेगाने काचेवर आदळतो. जवळ असेल तर त्याला तेवढा वेग घेताच येत नाही. शेजारची मांजरे पोहोचतील इतका तो खालीही नसावा.

वेधशाळा (नॉर्थ कॅरोलिना)

निशिगंधाताई, आपल्या उत्तराने माझी शंका फिटली. शेजाऱ्यांनाही सांगितले आहे आणि यंदा ते फीडर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ठेवणार आहेत. काल आमच्या फीडरवर एक मोठा हिरवा प्रार्थनाकीटक दबा धरून बसलेला होता. हा कीटक हमिंगबर्डलाही पकडतो असे वाचल्यामुळे मी त्याला काडीवर घेऊन दूरच्या झुडपात सोडले. आता झाडे लावायची आहेत. पूर्वेकडील राज्यांसाठी आपण कोणती सुचवाल? मागे ओढा आहे, जमीन ओलसर आहे आणि हरणांचा त्रास आहे.

निशिगंध (न्यू जर्सी)

ओढा आहे म्हणजे आपण भाग्यवान आहात. ओलसर जमिनीत कार्डिनल फ्लॉवर उत्तम येते. जुलै अखेरीपासून त्याचे लाल तुरे उभे राहतात आणि परतीच्या प्रवासाच्या वेळी हाच खरा अन्नसाठा ठरतो. ओढ्याच्या काठी नारिंगी फुलांची ज्यूएलवीड बहुधा आपोआप उगवलेली असेल. ती आपल्या तेरड्याच्याच कुळातील असून पिकलेल्या शेंगेला बोट लावताच ती तशीच फुटते. तण समजून ती उपटू नका, रुबी-थ्रोटेड तिच्यावर सतत असतो. थोड्या उंच, उन्हाच्या जागी बी बाम लावावे. हरणे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, मात्र दाट लावले तर भुरी पडते, म्हणून दोन रोपांत हातभर अंतर ठेवावे. वसंतातील पहिल्या पक्ष्यांसाठी रानटी कोलंबाईन आणि कुंपणासाठी कोरल हनीसकल घ्यावी. रोपवाटिकेत नाव नीट तपासून घ्या, कारण जपानी हनीसकल वेगळी आहे; ती जंगलात शिरून स्थानिक झाडांना गुदमरवते. ट्रम्पेट व्हाइन पक्ष्यांना आवडते, पण तिची मुळे दूरवर फुटतात, त्यामुळे घराच्या भिंतीजवळ ती लावू नये.

कार्डिनल फ्लॉवरच्या बिया मी दर ऑक्टोबरमध्ये गोळा करते. त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि त्यांना उगवण्यासाठी प्रकाश लागतो, म्हणून मातीवर नुसत्या भुरभुराव्यात, झाकू नयेत, आणि हिवाळाभर कुंडी बाहेर थंडीतच ठेवावी. पहिल्या वर्षी केवळ पानांचा झुपका दिसतो, फुले दुसऱ्या वर्षी येतात. माझ्याकडे यंदा बऱ्याच बिया निघतील. पूर्वेकडील ज्यांना हव्या असतील त्यांनी येथे तसे लिहावे. ऑक्टोबरअखेर लहान पाकिटे करून मी टपालाने पाठवीन.